आठवड्याला फेरीमागे एक सेकंद : पोलीस भरतीच्या तयारीच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर, रविवार

उद्यापासून चोवीस आठवडे. चौदा जण: नऊ मुलं, पाच मुली. सगळ्यांना शिपाई व्हायचंय. पण नुसतं 'वर्दी मिळवायची' म्हणून कोणी महिनोनमहिने पहाटे पाचला उठत नाही. म्हणून आज दिवसभर बसून ते ध्येय रोजच्या मापात फोडलं.

मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावणं २० गुण, १०० मीटर १५ गुण, गोळाफेक १५ गुण. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. पूर्ण गुण हवेत तर मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, १०० मीटर ११.५० सेकंदांत काढायचं आणि ७.२६० किलोचा गोळा ८.५० मीटर टाकायचा. मुलींसाठी ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंद, १०० मीटर १४ सेकंद, ४ किलोचा गोळा ६ मीटर. मैदानीत निम्मे गुण नसतील तर पुढे जाता येत नाही. निम्मे मिळाले तरी लेखीला जागांच्या दहापटच उमेदवार घेतात, म्हणून २५ वर समाधान मानणाऱ्याचं काम होत नाही. जाहिरात हातात आली की तिच्यातला तक्ता पुन्हा ताडायचा, शेवटी तोच प्रमाण.

कालच्या चाचणीत मुलांची १६०० ची वेळ साधारण ७ मिनिटं आली. कमी करायचेत ११० सेकंद. हा आकडा ऐकला की पोरं खाली बघतात. पण १६०० म्हणजे ४०० च्या चार फेऱ्या. ११० ला चाराने आणि मग चोवीसने भागलं की आठवड्याला फेरीमागे सेकंदाहून किंचित जास्त. मुलींचं ८०० आज ३:४० च्या आसपास आहे. त्यांचाही हिशेब फेरीमागे आठवड्याला एक सेकंदच येतो. गोळा ६.२० वरून ८.५० वर न्यायचा तर आठवड्याला दहा सेंटीमीटर, म्हणजे अर्धी वीत. हे आकडे शाळेच्या भिंतीवर खडूने लिहिले.

भागाकार सरळ असला तरी शरीर सरळ रेषेत सुधारत नाही. पहिल्या सहा आठवड्यांत वेळ भराभर उतरते, मग अडून बसते. म्हणून रोजचं लक्ष्य कामाचं ठेवायचं, वेळेचं नाही. 'आज ५:४० काढायची' हे लक्ष्य नव्हे, कारण ते पुरं होणं वारा, झोप आणि कालच्या कामावर अवलंबून असतं. '२०० मीटरचे आठ तुकडे, मधे २०० मीटर सावकाश' हे लक्ष्य. ते झालं किंवा नाही झालं, वाद उरत नाही. वेळ मोजायची पंधरा दिवसांतून एकदा, शनिवारी.

दुसरी गोष्ट 'किमान'. इथे अर्ध्या मुलांच्या घरी शेती आहे. शेतीची वीज रात्रपाळीला आली की पाणी द्यायला रात्रभर बांधावर. अशा सकाळी पूर्ण काम मागितलं तर मुलगा येतच नाही, आणि एकदा चुकला की आठवडाभर चुकतो. त्या दिवसासाठी ठरलेलं किमान: १५ मिनिटं सावकाश धावणं, लेखीच्या सरावाचे ५ प्रश्न. रोजच्या कामाच्या वहीत त्याचीही पूर्ण टिक. मुलींना मासिक पाळीच्या दिवसांत किमान केलं तरी चालेल, कारण विचारायचं नाही.

६ ऑक्टोबर

मैदान आखलं. ४०० मीटरचा ट्रॅक बसत नाही, २०० चा बसतो. दोन सरळ बाजू ५० मीटरच्या, दोन अर्धगोल ५० मीटरचे. अर्धगोलाची त्रिज्या १५.९२ मीटर येते, पण धावणारा रेषेवर धावत नाही, रेषेच्या थोडा बाहेरून धावतो. फक्कीची रेषा असेल तर माप रेषेपासून २० सेंटीमीटर बाहेर धरायचं. म्हणून रेषा १५.७२ मीटरवर मारली.

खुंटीला नायलॉनची दोरी बांधून गोल काढू नये. आज तसाच काढला आणि टेपने ताडला तर त्रिज्या २० सेंटीमीटर जास्त भरली, दोरी ताणली गेली होती. फरक किरकोळ वाटतो, पण एका फेरीत सव्वा मीटर आणि आठ फेऱ्यांत दहा मीटर. ५:१० च्या वेगाला ते दोन सेकंद. मुलगा जवळजवळ अर्ध्या आठवड्याचं काम करून बसला असता आणि घड्याळात ते दिसलं नसतं. बांधकामाची तार घेऊन पुन्हा आखलं. फक्की दर सोमवारी नव्याने मारायची. कोपऱ्यावरची आधी पुसली जाते आणि मुलं नकळत आतून कापतात.

९ ऑक्टोबर

चौथ्याच दिवशी तिघे रोजच्या कामानंतर पूर्ण १६०० पळून वेळ बघताना सापडले. ही भरतीच्या ग्राउंडवरची सगळ्यात जुनी खोड. रोज पूर्ण ताकदीने १६०० काढलं की पहिले दहा दिवस वेळ उतरते, मग पाय जड होतात आणि महिन्याच्या आत नडगी धरते. स्टॉपवॉच आता एकाच्याच हातात राहणार.

आठवडा असा बसवला. सोमवारी ४ किलोमीटर सावकाश, मंगळवारी २०० चे तुकडे, बुधवारी गोळा आणि बैठका, गुरुवारी पुन्हा सावकाश, शुक्रवारी १०० मीटरचं काम आणि थोडा गोळा, शनिवारी ६ किलोमीटर किंवा चाचणी. रविवारी काही नाही. एकूण अंतर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही, कितीही जोर वाटत असला तरी.

बूट तपासले. चौघांच्या बुटांचा टाचेचा बाहेरचा भाग पूर्ण झिजलेला. महागडे स्पाइक्स नंतर बघू, आधी टाचेखाली जाडी असलेले साधे बूट.

२४ ऑक्टोबर

दिवाळीचा आठवडा. चौदापैकी सहा जणांच्या टिका तुटल्या. आज आलेल्यांपैकी दोघे 'राहिलेलं भरून काढतो' म्हणून मंगळवारचं आणि शुक्रवारचं काम एकत्र करायला निघाले होते. भरपाई नाही. चुकलेला दिवस गेला. आज जे कामाचं पान आहे तेवढंच. भरपाई करणारा दोन दिवसांत थकतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चुकतो. मग वहीत एक खाडा होता तिथे चार होतात.

टिकांचा नियमही बदलला. आधी सलग दिवस मोजत होतो. एक दिवस तुटला की आकडा शून्यावर येतो आणि मुलाचं मन उतरतं. आता आठवड्याला सहापैकी पाच टिका म्हणजे आठवडा पास. सहावा दिवस घरच्या कामाचा, लग्नाचा, तापाचा.

१० नोव्हेंबर

नडगीचं दुखणं, एकाच आठवड्यात तिघांना. तिघेही शाळेच्या मैदानावरचं काम झाल्यावर संध्याकाळी डांबरी रस्त्यावर पळत होते, वहीत न लिहिता.

हे नीट ओळखायला हवं. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्ट्यात दुखत असेल, धावायला लागल्यावर थोडं कमी होत असेल, तर अंतर निम्मं, फक्त मातीवर, पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली १५ वेळा, अशा तीन खेपा. काम झाल्यावर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. पण बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, चालताना किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. हाडाला चीर असण्याची शक्यता असते; त्यावर पळत राहिलं तर पूर्ण भरती हातची जाते. तिघांपैकी एकाला पाठवलं आहे. तोवर त्याच्यासाठी रोजचं लक्ष्य गोळा, बसून करायचे व्यायाम आणि वीसऐवजी चाळीस प्रश्न. वही चालू राहिली पाहिजे.

पाचही मुलींना प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगितलं. दम लवकर लागतो त्याचं कारण प्रत्येक वेळी सरावात नसतं.

२१ नोव्हेंबर

आजचा दिवस गोळ्याचा, आणि यावर सविस्तर लिहायला हवं, कारण सर्वांत स्वस्तात गुण इथे मिळतात आणि इथेच सर्वांत जास्त मुलं नुसता जोर लावतात.

आधी गोळा. गावातल्या एकाकडून करून घेतलेला गोळा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला तर ६.९ किलो. त्यावर ८ मीटर टाकणारा प्रत्यक्ष ७.२६ किलोला अर्धा मीटर मागे येऊ शकतो. वजन करून मगच सराव.

धरणं. गोळा तळहातावर ठेवायचा नाही. मधल्या तीन बोटांच्या मुळाशी तो बसतो, अंगठा आणि करंगळी बाजूने आधार देतात. मग मानेला, जबड्याच्या खालच्या खळीत टेकवायचा. बरोबर धरला की नाही हे सांगायला माणूस लागत नाही. दहा फेकी झाल्यावर मातीचे डाग बघायचे: बोटांच्या मुळाशी माती, तळहात कोरा, आणि मानेवर रुपयाएवढा गोल डाग असेल तर ठीक. डाग खांद्यावर उतरला असेल तर गोळा मानेपासून सुटतोय. तळहात काळा असेल तर बोटांचा शेवटचा झटका वाया जातोय. आज चौदापैकी नऊ जणांचे तळहात काळे होते.

कोपर. ते खांद्याच्या उंचीवर, गोळ्याच्या मागे. कोपर खाली पडलं की ढकलण्याचं फेकणं होतं, क्रिकेटच्या चेंडूसारखं. गोळा खांद्याच्या मागे गेला तर फेक बाद, आणि कोपराची आतली बाजू दुखायला लागते ती वेगळी.

जोर पायांतून येतो. उजवा पाय वाकवून, पाठ फेकण्याच्या दिशेला करून बसायचं आणि पाय, कंबर, छाती, हात या क्रमाने उलगडायचं. ज्यांचा हात आधी निघतो ते लाल होतात, गोळा मात्र ६ मीटरवर. सुटण्याचा कोन ३५ ते ४० अंश. समजायला सोपं म्हणून समोर दहा फुटांवर दोन बांबू रोवून साडेआठ फुटांवर आडवी दोरी बांधली आणि तिच्यावरून टाकायला सांगितलं.

रोजचं लक्ष्य: बुधवारी आणि शुक्रवारी प्रत्येकी १८ फेकी, सहा-सहाच्या तीन खेपा. पहिले चार आठवडे उभ्याने, त्यानंतर मागून सरकत. अंतर मोजायचं फक्त शेवटच्या तीन फेकींचं. वर्तुळाचा व्यास २.१३५ मीटर. टेपचा शून्य गोळा पडल्याच्या सर्वांत जवळच्या खुणेवर धरायचा, टेप वर्तुळाच्या मध्याकडे ताणायचा आणि आतल्या कडेला वाचायचा. फेकीनंतर मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर यायचं. पुढून बाहेर पडलं की चांगली फेक बाद होते. ही सवय सरावातच लावायची, परीक्षेच्या दिवशी आठवत नाही.

५ डिसेंबर

१०० मीटर. तीन मुलांनी 'साडेअकरा निघाली' म्हणून आनंद केला. घड्याळ धरणारा शेवटच्या रेषेवर उभा राहून शिट्टी ऐकून सुरू करत होता. १०० मीटर यायला आवाजाला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात, म्हणजे घड्याळ तेवढं उशिरा सुरू झालं. आता सुरू करणाऱ्याने हात वर धरून झटक्यात खाली आणायचा, घड्याळवाल्याने हात बघून दाबायचं. दोन घड्याळं, त्यातली जास्तीची वेळ लिहायची.

त्यानंतरही हाताची वेळ आणि यंत्राची वेळ सारखी नसते. १०० मीटरला हाताच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवून यंत्राची वेळ धरण्याची पद्धत आहे. भरतीत हल्ली बऱ्याच ठिकाणी वेळ यंत्रावर नोंदली जाते. म्हणजे ११.५० हवी तर आपल्या घड्याळात ११.२ दिसली पाहिजे. हे आज कळलं म्हणून मुलं नाराज झाली. मार्चमध्ये कळण्यापेक्षा बरं.

शुक्रवारचं लक्ष्य: ३० मीटरचे सहा तुकडे पूर्ण वेगाने, प्रत्येकानंतर तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. विश्रांती कमी केली की तो वेगाचा सराव राहत नाही, दमाचा होतो.

१८ डिसेंबर

लेखी. १०० गुण, १०० प्रश्न, ९० मिनिटं. एका प्रश्नाला ५४ सेकंद. रोजचं लक्ष्य २० प्रश्न, १८ मिनिटं, गजर लावून. चोवीस आठवड्यांत ते २,८८० प्रश्न होतात. आजवर पुस्तक 'संपवायचं' असं लक्ष्य घेऊन बसणाऱ्यांची पहिली पन्नास पानं मळलेली आणि उरलेली कोरी असतात.

वीस प्रश्नांपेक्षा त्यानंतरची दहा मिनिटं महत्त्वाची. चुकांची वेगळी वही, प्रत्येक चुकीसमोर एकच अक्षर: 'म' माहीत नव्हतं, 'प' पद्धत चुकली, 'घ' घाई. आज सगळ्यांच्या वह्या एकत्र बघितल्या. अंकगणितात 'प' जास्त. उदाहरणार्थ ताशी ७२ किलोमीटरची, १५० मीटर लांबीची गाडी २५० मीटरचा फलाट किती वेळात ओलांडेल? वेग सेकंदाला २० मीटर (७२ ला ५/१८ ने गुणून) सगळ्यांनी काढला, पण सात जणांनी फक्त फलाट भागला आणि १२.५ सेकंद लिहिलं. गाडीची लांबी मिळवायची: ४०० भागिले २०, म्हणजे २० सेकंद.

व्याकरणात प्रयोग. 'शिपायाने चोर पकडला' आणि 'शिपायाने चोराला पकडले' दोन्हीला कर्मणी म्हणून खूण केलेली. कर्म बदलून बघायचं: 'शिपायाने गाडी पकडली' होतं, म्हणजे पहिलं कर्मणी. 'शिपायाने गाड्यांना पकडले', क्रियापद हललं नाही, म्हणून दुसरं भावे. हा एक प्रश्न हमखास येतो आणि एकदा कळला की आयुष्यभर चुकत नाही.

सामान्य ज्ञानात सर्व चुका 'म'. तिथे रोज पाच गोष्टी, त्याहून जास्त नाही. राज्याची स्थापना १ मे १९६० ला, जिल्हे तेव्हा २६. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाला, ३६ वा. आजचे पाच उद्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायचे.

७ जानेवारी

मुलांचं १६०० तीन चाचण्या ५:४० च्या आसपास अडकलंय. दोघे म्हणतात अजून जास्त पळायला पाहिजे. वह्या काढून बघितलं तर उलटं. सोमवार आणि गुरुवारचे 'सावकाश' ४ किलोमीटर सगळे चढाओढीने पळतात. ते ना सावकाश, ना जोराचं. मग मंगळवारी पाय थकलेले, आणि तुकडे ३९ सेकंदांऐवजी ४२ ला.

आजपासून सावकाशची परीक्षा: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं की वेग जास्त. मंगळवारी ४०० चे पाच तुकडे, प्रत्येकी ८० सेकंद, मधे दोन मिनिटं. पुढच्या आठवड्यापासून ८० चे ७९ करायचे नाहीत. फक्त मधली विश्रांती दर आठवड्याला दहा सेकंदांनी कमी. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, म्हणजे काय लागू पडलं ते कळतं.

थंडी. वॉर्मअप दहाऐवजी पंधरा मिनिटं. गळीत हंगाम चालू आहे, पहाटे रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, मागे दिवा नसतो. शनिवारचे ६ किलोमीटर उजेड पडल्यावर, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूने.

१ फेब्रुवारी

काल पूर्ण मैदानी चाचणी, तिन्ही प्रकार एकाच सकाळी. अडथळा फुटला: सहा मुलं ५:३० च्या आत, सर्वांत चांगली वेळ ५:१६. मुलींत दोघी २:५४.

५:१६ वाल्याच्या ४०० मीटरच्या फेऱ्या ७९, ७९, ८०, ७८. शेजारचा त्याच्याइतकाच तयारीचा, त्याच्या ७०, ७८, ८९, ९१, एकूण ५:२८. पहिली फेरी नऊ सेकंद लवकर काढली आणि पुढे एकवीस सेकंद देऊन बसला. १६०० मध्ये पहिल्या फेरीचा मोह सर्वांत महाग. ५:१० साठी प्रत्येक २०० मीटरला ३८ ते ३९ सेकंद. आता सरावात घड्याळ न बघता २०० मीटर ३९ मध्ये पळायचं, आल्यावर आधी स्वतःची वेळ सांगायची, मग घड्याळ बघायचं. अंदाज एका सेकंदात बसेपर्यंत हेच मंगळवारचं लक्ष्य.

२८ फेब्रुवारी

गोळा: चौघे ८.५० च्या वर, दोघे आठच्या आत अडकलेले. दोघांचेही तळहात अजून काळे. उभ्याने टाकण्याकडे परत.

नडगीवाला मुलगा डॉक्टरांच्या परवानगीने पुन्हा धावतोय, हा तिसरा आठवडा, सध्या ५:५२. त्याच्या चुकांच्या वहीत मात्र सगळ्यांत जास्त पानं आणि सराव पेपरात सगळ्यांत जास्त गुण.

२० मार्च

शेवटचा आठवडा. काम निम्मं, वेग तोच: मंगळवारी २०० चे फक्त चार तुकडे. चाचणीच्या आधी दोन दिवस गोळा नाही. नवीन बूट, नवीन पेय, कोणी सांगितलेल्या पावडरी आता काहीही नाही. भिजवलेले हरभरे, अंडी, केळी, भाकरी जे रोज खाल्लं तेच. सकाळी धावण्याआधी दीड-दोन तास हलकं खाऊन घ्यायचं.

पिशवीत: प्रवेशपत्र आणि ओळखपत्र, मूळ कागद आणि झेरॉक्स वेगळ्या पाकिटात, जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर लागत असेल तर त्याची तारीख बघून, बुटांची जादा नाडी, हात पुसायला कोरडं फडकं, पाण्याची बाटली. नाडीला दुहेरी गाठ आणि टोकं आत खोचलेली.

ज्या चौघांची तारीख पुढची आहे, त्यांच्यासाठी सोमवारी मैदान नेहमीच्या वेळी उघडं. फक्की मारलेली असेल. ४ किलोमीटर सावकाश, वीस प्रश्न.